क्रोन्स: पोट बिघडले आहे की आजाराने पुन्हा उचल खाल्ली आहे, हे तुम्ही कसे ओळखता?

रानजाई

नमस्कार. मला क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणि व्रण येणारा दीर्घकाळचा आजार, आहे हे निश्चित होऊन आता बारा वर्षे झाली. मी पुण्यात राहते आणि एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. २०१२ साली उजव्या बाजूला खाली पोट दुखू लागले, वजन नऊ किलोंनी उतरले आणि रोज संध्याकाळी अंगात कसर राहू लागली, तेव्हा आतड्याचा क्षय समजून मला नऊ महिने क्षयाची औषधे दिली गेली. आपल्याकडे हे दोन्ही आजार लहान आतड्याच्या शेवटच्या त्याच टप्प्यात आणि जवळजवळ त्याच रूपात दिसतात, त्यामुळे त्या डॉक्टरांविषयी माझ्या मनात राग नाही. २०१३ मध्ये दुसऱ्यांदा कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झाली, तेव्हा व्रण जसेच्या तसे होते आणि मग क्रोन्सचे निदान झाले.

या बारा वर्षांत माझ्या हातून दोन चुका झाल्या आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. २०१६ मध्ये वार्षिक परीक्षेच्या गडबडीत मी दुखणे सहा आठवडे अंगावर काढले. पोटात गळू झाले आणि अखेर लहान आतड्याचा सुमारे तीस सेंटिमीटरचा भाग काढून टाकावा लागला. त्या धसक्याने २०१९ मध्ये जुलाब सुरू होताच मी घरातल्या जुन्या चिठ्ठीवरून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले. नंतर तपासणीत आतड्यात सूज नव्हतीच. आतड्याचा तो भाग काढल्यामुळे पित्तातले क्षार (पित्तक्षार) शोषले न जाता मोठ्या आतड्यात उतरत होते आणि जुलाब त्यांचे होते. पाण्यात ढवळून घ्यायच्या एका भुकटीने ते आठवड्यात थांबले, पण तोपर्यंत मी स्टेरॉइड्समुळे सुजलेला चेहरा आणि रात्रीची झोप नसणे विनाकारण सोसले होते.

२०२१ पासून मी दर पंधरा दिवसांनी आतड्याची सूज रोखणाऱ्या अडॅलिमुमॅबचे इंजेक्शन घेते आणि माझे बरे चालले होते. गेल्या तीन आठवड्यांपासून मात्र दिवसातून चार-पाच वेळा शौचाला जावे लागते, उजवीकडे मंद ठणका आहे आणि शाळेतून आल्यावर हातपाय गळून जातात. याच काळात घरात एक लग्न झाले, सहामाहीचे पेपर तपासून झाले आणि झोपही अपुरी झाली. हे साधे पोट बिघडणे आहे, पित्तक्षारांचे जुने दुखणे आहे की फ्लेअर, म्हणजे आजाराने पुन्हा खाल्लेली उचल, आहे, हे मला खरोखर कळत नाही. तुम्ही स्वतःच्या शरीरात हा फरक कशावरून ओळखता आणि नेमके कोणत्या टप्प्यावर डॉक्टरांना फोन करता?

सह्यकडा

ताई, सोळा वर्षांच्या अनुभवानंतर माझ्यापुरता सर्वांत भरवशाचा प्रश्न एकच उरला आहे: पोटाने मला रात्री झोपेतून उठवले का? बाहेरचे खाणे, चिंता किंवा जागरण यांनी बिघडलेले माझे पोट दिवसा कितीही त्रास देते, पण मी झोपलो की तेही झोपते. आजार जागा झाला असेल, तर मला पहाटे तीनला उठावे लागते. सलग तीन रात्री असे घडले की मी चौथ्या दिवसाची वाट पाहत नाही.

याशिवाय मी एक साधी वही ठेवली आहे. तिच्यात रोज शौचाची संख्या, त्यांपैकी रात्रीची संख्या, दुखण्याची जागा आणि दर रविवारी सकाळी उपाशीपोटी केलेले वजन इतकेच लिहितो. वहीचा खरा उपयोग बऱ्या दिवसांच्या नोंदींमुळे होतो. माझ्या आतड्याचा काही भाग काढलेला असल्याने बरा असतानाही मी दिवसातून तीनदा जातो. हे माहीत नसलेला डॉक्टर तीन या आकड्याला जुलाब म्हणेल आणि मला स्वतःलाही तो आकडा वहीत पाहिल्याशिवाय आठवत नाही.

शेवंती

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझा आजार पोटात सुरू होतच नाही. आधी तोंड येते, मग गुडघे आणि घोटे धरतात आणि एखाद्या वेळी नडगीवर लालसर, हात लावला तरी दुखणाऱ्या गाठी उठतात. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पोट दुखू लागते. एकदा डावा डोळा लाल होऊन उजेड सहन होईना, तेव्हा मी औषधाच्या दुकानातून थेंब आणून तीन दिवस घातले. नेत्रतज्ज्ञांनी बुबुळाच्या आतल्या भागाला सूज असल्याचे सांगितले आणि आणखी उशीर झाला असता तर दृष्टीवर परिणाम झाला असता, असेही सांगितले. क्रोन्सच्या रुग्णाचा डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड खुपू लागला, तर त्याच दिवशी दाखवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गुडघ्यांसाठी मला कुणी तरी डायक्लोफेनॅक लिहून दिले होते आणि मी ते महिनाभर घेतले. या गटातल्या वेदनाशामक गोळ्या आतड्याच्या अस्तराला इजा करू शकतात आणि शांत असलेला आजार त्यांनी चाळवू शकतो, हे मला कुणी सांगितले नव्हते. आता कुठल्याही डॉक्टरांकडे गेले, अगदी दाताच्या, तरी मी खुर्चीत बसण्याआधी हे सांगते आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल मागते.

कृष्णाकाठ

मी रुग्ण नाही, रुग्णाचा बाप आहे. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि त्याचे निदान तेराव्या वर्षी झाले. लहान मुलांच्या बाबतीत शौचाच्या संख्येवर विसंबून राहू नये, असे मला वाटते, कारण मुले ती सांगतच नाहीत. आमच्या मुलाला पोटाची मोठी तक्रार कधीच नव्हती. सलग दोन वर्षे जूनमध्ये शाळेचा गणवेश बदलावा लागला नाही, हे त्याच्या आईच्या लक्षात आले आणि तिथून तपासण्या सुरू झाल्या. उंची थांबणे हेच त्याच्या आजाराचे पहिले लक्षण होते.

पहिल्या उपचारात त्याला आठ आठवडे जेवण पूर्ण बंद करून केवळ द्रव पोषण-आहार दिला होता. मुलांमध्ये या पद्धतीने स्टेरॉइड्सशिवाय सूज उतरवता येते. घरात वरणाला फोडणी बसली की तो दार लावून घेत असे, म्हणून ते दोन महिने आम्ही तिघांनीही फोडणीचे खाल्ले नाही. त्या आठ आठवड्यांत त्याचे वजन पाच किलोंनी वाढले.

आता तो मोठा होत आहे आणि वारंवार विचारलेले त्याला आवडत नाही. रोज विचारावे तर तो चिडतो आणि न विचारावे तर माझा जीव राहत नाही. यावर कुणाला मार्ग सापडला असेल, तर जरूर लिहावे.

माळरान

सर्वांचे अनुभव वाचून एक वेगळे मत मांडतो. मी सोलापूरचा आहे. २०१८ मध्ये माझी लक्षणे पूर्ण थांबली, तेव्हा मी अझाथायोप्रिन हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध बंद केले. दूध, गहू, तिखट आणि बाहेरचे अन्न वर्ज्य करून मऊ भात, ताक, मुगाचे वरण आणि ज्वारीची पातळ भाकरी एवढ्यावर मी चौदा महिने राहिलो आणि त्या काळात मला एकदाही त्रास झाला नाही. लक्षण नसेल, तर आजार आहे असे का मानावे आणि आयुष्यभर औषधे का घ्यावीत, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही. आहारावर आपण पुरेसा भर देत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

सह्यकडा

माळरान, आहाराने बरे वाटते, हे मी नाकारत नाही. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या आतड्यातच मिळाले आहे. २०१४ ते २०१६ या दोन वर्षांत मलाही कोणतेही लक्षण नव्हते आणि मीही औषध घेण्यात कुचराई केली होती. नोकरी बदलताना एका तपासणीत हिमोग्लोबिन नऊवर आले, म्हणून कोलोनोस्कोपी केली, तर आतड्यात खोल व्रण होते आणि एका जागी आतडे इतके अरुंद झाले होते की दुर्बीण पुढे गेली नाही. दुखत नव्हते, इतकेच. ते आतडे पुढे कापावे लागले.

पोटविकार_वैद्यक

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. येथे कुणाचे निदान करणे किंवा औषध सुचवणे योग्य होणार नाही, तरी मूळ प्रश्न महत्त्वाचा असल्याने काही गोष्टी स्पष्ट करतो.

क्रोन्समध्ये लक्षणे आणि सूज ही जोडी नेहमी बरोबर चालत नाही. सह्यकडा यांना सूज होती आणि लक्षणे नव्हती. रानजाई यांना २०१९ मध्ये लक्षणे होती आणि सूज नव्हती. म्हणून दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते आणि केवळ जाणिवेवर निर्णय घेता येत नाही. शौचाच्या नमुन्यातील कॅलप्रोटेक्टिन ही तपासणी इथे उपयोगी पडते. हे पांढऱ्या पेशींमधील प्रथिन असून आतड्याला सूज असली की ते शौचात वाढते. साधारणपणे पन्नासच्या आत आकडा असेल तर सूज असण्याची शक्यता कमी असते आणि अडीचशेच्या वर असेल तर सूज असण्याची शक्यता बरीच असते. मधल्या आकड्यावर घाईने निष्कर्ष काढू नये, तपासणी पुन्हा करावी. रक्तातील सीआरपी हे सूज दाखवणारे प्रथिनही पाहतात, पण काही रुग्णांत सूज असूनही तो वाढत नाही.

कॅलप्रोटेक्टिन संसर्गानेही वाढते. त्यामुळे फ्लेअर म्हणण्याआधी शौचातील जंतूंची तपासणी करावी लागते. अलीकडे प्रतिजैविके घेतली असतील, तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा शोध मुद्दाम घ्यावा लागतो. पावसाळ्यात आपल्याकडे पाण्यामुळे होणारे जुलाब इतके आढळतात की ही पायरी गाळून चालत नाही.

अडॅलिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही औषधे शरीरातील दबलेला क्षय जागा करू शकतात, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयाच्या तपासण्या करतात. तपासणी निर्दोष असली तरी आपल्या देशात नंतर क्षयाची लागण होऊ शकते. ताप, रात्रीचा घाम, उतरणारे वजन आणि खोकला असे सुरू झाले, तर तो फ्लेअरच आहे असे रुग्णाने किंवा डॉक्टरांनीही गृहीत धरू नये.

घरातले उरलेले स्टेरॉइड स्वतःहून सुरू करू नये, हे रानजाई यांनी स्वतःच लिहिले आहे. पोटात गळू असेल तर स्टेरॉइडमुळे ताप आणि दुखणे झाकले जाते आणि गळू वाढत राहते. तसेच काही आठवडे घेतलेले स्टेरॉइड एका दिवसात बंद करणेही धोक्याचे असते.

रानजाई

डॉक्टर, आपले मनापासून आभार. मी आजच माझ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शौचाच्या दोन्ही तपासण्या आणि रक्ततपासणी लिहून दिली आहे. शेवंती यांचे लिखाण वाचताना मात्र माझ्या लक्षात आले की पेपर तपासताना मान धरली होती, म्हणून मी दहा-बारा दिवस डायक्लोफेनॅकच घेतले होते. ते डॉक्टरांना सांगायचे राहिले होते, म्हणून पुन्हा फोन केला.

विदर्भवासी

फ्लेअर आणि आतड्यातला अडथळा यांतला फरकही या धाग्यावर यायला हवा. मी नागपूरचा. माझ्या लहान आतड्यात जुन्या व्रणांमुळे एक अरुंद जागा आहे. गेल्या डिसेंबरात बागेतून आलेली संत्री समोर होती आणि मी सालपट न काढता फोडीच्या फोडी चावून, निम्मा चोथा गिळून सहा-सात संत्री खाल्ली. रात्री पोट डब्ब झाले, कळा येऊ लागल्या, हिरवट उलट्या झाल्या आणि वारा सरणेही बंद झाले. मी ते अपचन समजून ओवा खात बसलो. पत्नीने ऐकले नाही आणि पहाटे रुग्णालयात नेले. तो चोथा अरुंद जागी अडकला होता. तीन दिवस नाकातून नळी घालून ठेवावी लागली. शस्त्रक्रिया टळली.

तेव्हापासून मी संत्र्याचा रस गाळून घेतो. मक्याचे कणीस, हुरडा, शेवग्याच्या शेंगा, कच्ची काकडी आणि शेंगदाणे माझ्यासाठी बंद आहेत. ज्यांच्या आतड्यात अरुंद जागा नाही त्यांना हे पथ्य लागू नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या एका परिचितांनी माझे पाहून सर्व भाज्या सोडल्या आणि विनाकारण अशक्तपणा ओढवून घेतला. पण पोट फुगणे, उलट्या आणि वारा न सरणे ही तीन लक्षणे एकत्र आली, तर वहीत नोंद करत बसू नये आणि दुसऱ्या दिवसाची वाटही पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये आहे आणि इथल्या व्यवस्थेतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्या रुग्णालयात या आजारासाठी प्रशिक्षित परिचारिका असून त्यांचा स्वतंत्र दूरध्वनी क्रमांक आहे. शंका आली की संदेश ठेवायचा. त्या उलट फोन करतात, वहीतले आकडे विचारतात आणि नमुन्याची डबी कुठे द्यायची ते सांगतात. डॉक्टरांना त्रास देऊ की नको, हा संकोच त्यामुळे उरत नाही. २०१६ मध्ये रानजाई यांना असा क्रमांक मिळाला असता, तर ते सहा आठवडे गेले नसते, असे वाटून हळहळ वाटली. आपल्याकडेही काही रुग्णालयांत अशी सोय असेल, तर कृपया लिहावे.

इथे रुग्णांच्या संस्थेकडून एक लहान कार्ड मिळते. दुकानात किंवा उपाहारगृहात ते दाखवले की कारण न सांगता स्वच्छतागृह वापरता येते. पहिल्यांदा ते दाखवताना माझा हात थरथरत होता. दुकानातल्या बाईंनी काही न विचारता किल्ली दिली.

शेवंती

लेस्टरकर, तुमची किल्लीची गोष्ट दोनदा वाचली. पुणे-नाशिक प्रवासात मी आदल्या संध्याकाळपासून काही खात नाही. एसटीतून उतरून स्वच्छतागृह शोधायचे, ते बंद निघायचे किंवा आत पाणी नसायचे, ही भीती मला आजारापेक्षा जास्त छळते. पूर्वी मी या भीतीने झालेल्या घाईलाच फ्लेअर समजत असे. आता लक्षात आले आहे की प्रवास नसलेल्या रविवारी ती घाई नसते.

माळरान

सह्यकडा आणि डॉक्टर यांचे उत्तर वाचले. दोन दिवस विचार केला आणि आता खरे कारण लिहितो. औषध बंद करण्यामागे आहारावरचा विश्वास होताच, पण त्याहून मोठे कारण खर्चाचे होते. अझाथायोप्रिन महाग नाही, पण त्याने माझ्या पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या आणि पुढचा पर्याय म्हणून इंजेक्शने सांगितली होती. तेव्हा बहिणीचे लग्न ठरले होते. मला बरे वाटत होते आणि मी तेच पुरेसे मानले. गेल्या सहा वर्षांत मी एकही तपासणी केलेली नाही.

सह्यकडा

तुम्ही हे लिहिलेत, याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. खर्चाच्या बाबतीत एक माहिती देतो. अडॅलिमुमॅबची भारतीय बनावटीची जैवसदृश (मूळ औषधाशी जवळजवळ सारखी) आवृत्ती २०१४ च्या अखेरीस बाजारात आली आणि त्यानंतर इतर कंपन्यांच्याही आल्या, त्यामुळे मूळ परदेशी औषधाच्या तुलनेत किंमत बरीच खाली आली आहे. शिवाय तपासणी करणे म्हणजे औषध सुरू करणे नव्हे. आधी हिमोग्लोबिन, सीआरपी आणि कॅलप्रोटेक्टिन तरी करून घ्या. पुढचे पुढे पाहू.

पोटविकार_वैद्यक

माळरान, अझाथायोप्रिनबद्दल एक खुलासा. भारतीय आणि पूर्व आशियाई लोकांमध्ये एनयूडीटी१५ या जनुकाचा एक बदल तुलनेने अधिक आढळतो आणि अशा व्यक्तींच्या पांढऱ्या पेशी या औषधाने झपाट्याने उतरतात, केसही भराभर गळतात. त्यात तुमचा दोष नव्हता. ती नोंद जपून ठेवा आणि नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. धूम्रपान करत असाल, तर ते थांबवणे हा एकही रुपया न लागणारा उपचार आहे, कारण क्रोन्समध्ये धूम्रपानाने फ्लेअर आणि शस्त्रक्रिया दोन्हींची शक्यता वाढते.

मराठवाडा_माझा

मूळ विषयापासून जरा बाजूला जातो, पण इंजेक्शनांचा उल्लेख आला म्हणून विचारतो. आमच्याकडे मे महिन्यात वीज चार-चार तास जाते. ही इंजेक्शने दोन ते आठ अंशांत ठेवावी लागतात. तुम्ही काय करता?

रानजाई

मी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या ठेवते, पण इंजेक्शनचे पेन आणि पिशवी यांच्यामध्ये टॉवेलची घडी असते, कारण बर्फ थेट लागून औषध गोठले तर ते वाया जाते. फ्रिजमध्येही मी ते मागच्या भिंतीला टेकवत नाही. बाहेर किती तापमानात किती दिवस चालते, हे प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेले असते, ते पाहून घ्या. उन्हाळ्यात माझी दोन इंजेक्शने औषधाच्या दुकानदारांच्या फ्रिजमध्ये असतात, कारण त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे. विचारून पाहिल्यास बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

जुनी_पाने

या आजाराच्या इतिहासात रस असल्याने थोडे लिहितो. बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ऑपेनहायमर यांनी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील रुग्णांवरून या आजाराचे वर्णन १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. वर्णानुक्रमात क्रोन यांचे नाव आधी होते आणि तेच आजाराला चिकटले. त्यापूर्वी १९१३ मध्ये स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक डॅलझिएल यांनी असेच रुग्ण नोंदवले होते आणि हा क्षयासारखा दिसणारा, पण क्षय नसलेला आजार आहे, हे त्यांनी ओळखले होते. रानजाई यांचे २०१२ मधील निदान वाचताना त्यांची आठवण झाली.

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना पोटदुखीचे झटके अनेक वर्षे येत होते. क्रोन्सचे निदान १९५६ च्या मे महिन्यात झाले आणि जूनमध्ये आतड्याला अडथळा आल्याने रातोरात शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले. ज्यांच्यासाठी डॉक्टर चोवीस तास हजर होते, त्यांचा आजारही अनेक वर्षे ओळखता आला नव्हता, म्हणून इथे कुणी उशिराबद्दल स्वतःला अपराधी मानू नये, असे मला वाटते.

ओवी

मला दोन मुले आहेत आणि दोन्ही वेळी आजार शांत असताना गर्भ राहिला. आधी वर्षभर शांत ठेवा, मग विचार करा, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते. गरोदरपणात थकवा, मळमळ आणि पोट ताणल्याचे दुखणे असतेच, त्यामुळे फ्लेअर ओळखणे आणखी अवघड जाते. मला तेव्हा दर तीन महिन्यांनी केलेल्या कॅलप्रोटेक्टिनचा आधार होता. इंजेक्शन चालूच ठेवले होते. एक सूचना मात्र आवर्जून देते. आपल्याकडे बाळाला जन्मल्याबरोबर बीसीजी देतात. ती जिवंत जंतूंची लस आहे आणि आईने गरोदरपणात अशी इंजेक्शने घेतली असतील, तर ती काही महिने पुढे ढकलावी लागते. प्रसूतिगृहाच्या कागदांवर हे आधीच मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, कारण त्या क्षणी बोलायला आपण भानावर नसतो.

आणि कृष्णाकाठ काका, मी स्वतः सोळाव्या वर्षापासून रुग्ण आहे. माझे वडील रोज विचारायचे आणि मी रोज खोटे बोलायचे. मग आम्ही ठरवले की ते केवळ रविवारी विचारतील आणि मी खरेच सांगेन. मधल्या दिवसांत काही झाले, तर बेसिनवरच्या पेल्यात माझा ब्रश उलटा ठेवलेला असेल. बोलावे लागत नसे, त्यामुळे मी तो ठेवत असे.

कृष्णाकाठ

ओवी, तुमचा हा मार्ग आजच मुलाला वाचून दाखवतो.

रानजाई

पाच आठवड्यांनी परत येत आहे. अनेकांनी विचारपूस केली, म्हणून सविस्तर लिहिते.

शौचात संसर्ग निघाला नाही. कॅलप्रोटेक्टिनचा पहिला आकडा १८६ आला, म्हणजे डॉक्टरांनी वर सांगितलेला तो मधला आकडा. सीआरपी किंचितच वाढलेला होता. माझ्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकचा विचार करून चार आठवडे थांबायला सांगितले आणि त्या काळात पित्तक्षारांवरची ती भुकटी सुरू केली. क्षयाच्या तपासण्याही पुन्हा केल्या आणि त्या निर्दोष आल्या. ते चार आठवडे मला फार जड गेले. मी सह्यकडा यांच्यासारखी वही सुरू केली होती आणि तिसऱ्या आठवड्यात तिच्यात पहिल्यांदा लिहिले: पहाटे सव्वातीन. पुढच्या दोन रात्रीही तसेच घडले. मी वाट न पाहता फोन केला आणि दुसरा आकडा ५४० आला.

एमआर एन्टेरोग्राफीत (लहान आतड्याच्या एमआरआय तपासणीत) जुन्या शस्त्रक्रियेच्या जोडाजवळ सुमारे आठ सेंटिमीटर सूज दिसली. आतडे अरुंद झालेले नाही आणि गळूही नाही. रक्तातील अडॅलिमुमॅबची पातळी अगदी कमी होती आणि शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली होती, म्हणजे मी वेळेवर इंजेक्शन घेत असूनही ते काम करत नव्हते. आता उस्टेकिनुमॅब हे दुसरे इंजेक्शन सुरू होणार आहे. पहिला डोस शिरेतून आणि पुढचे दर आठ आठवड्यांनी त्वचेखाली असतील.

एक गोष्ट मला या निमित्ताने समजली. माझ्या सासूबाई म्हणाल्या की २०१६ मध्ये आणि आताही, पोटाची तक्रार करण्याच्या दोन आठवडे आधीपासून मी संध्याकाळचा चहा अर्धा ठेवत होते. मला त्याचा पत्ताही नव्हता. त्यांनी कप विसळताना ते पाहिले होते. आता वहीत चहाचा रकाना आहे आणि तो त्या भरतात.

सह्यकडा

सूज आठ सेंटिमीटर आणि गळू नाही, हे वाचून फार बरे वाटले. २०१६ च्या तुलनेत तुम्ही यावेळी किती आधी पोहोचलात, ते पाहा.

माळरान

तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन १०.२, कॅलप्रोटेक्टिन ७३०. मला अजूनही काहीच दुखत नाही. पुढच्या मंगळवारी कोलोनोस्कोपी आहे. भीती वाटते.

विदर्भवासी

माळरान, आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध थंड करून, थोडे थोडे घ्या आणि सोबत कुणाला तरी न्या, कारण गुंगीनंतर स्वतः गाडी चालवता येत नाही. तपासणी झाली की इथे कळवा. आम्ही वाट पाहतो.

शेवंती

रानजाई, मलाही एमआर एन्टेरोग्राफी सांगितली आहे. त्याआधी काय प्यायला देतात आणि प्रवास करून जाता येईल का?

रानजाई

सुमारे दीड लिटर गोडसर पाणी तासाभरात थोडे थोडे प्यायला देतात, म्हणजे आतडे फुगून नीट दिसते. तपासणीनंतर दोन-तीन तास जुलाब होतात, त्यामुळे लगेच एसटी पकडू नका. केंद्राच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, ते आधी फोन करून विचारून घ्या. तुम्ही पुण्यात करणार असाल, तर माझे घर जवळ आहे. तपासणीनंतर माझ्याकडे थांबा, संध्याकाळी निघा.